तक्रारींची यादी वाचताना

प्रश्न : ताई, मी गेली पाच वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष (बग) शोधण्याचे, काम करते. दुसऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली आहे. पगार आतापेक्षा बराच जास्त आहे आणि होकार-नकार कळवायला दहा दिवस आहेत. त्या कंपनीत सुमारे २,००० माणसे आहेत. तिथे काम करणाऱ्या आणि तिथून सोडून गेलेल्या लोकांनी लिहिलेली ८० मते मी वाचली आणि माझा गोंधळ आणखीच वाढला. एक म्हणतो, ‘इथे शिकायला भरपूर मिळते’. दुसरी म्हणते, ‘रिलीजच्या आधीचे (म्हणजे तयार सॉफ्टवेअर ग्राहकांच्या हाती देण्याच्या आधीचे) दोन आठवडे घर विसरायचे’. तिसरा म्हणतो, ‘मॅनेजमेंट भिकार’. माझ्या सध्याच्या कंपनीबद्दल मात्र जवळजवळ सगळे छानच लिहिलेले आहे, आणि मला तिथे गुदमरल्यासारखे होते. शेवटच्या आठवड्यात मी काढलेले बग ‘नंतर बघू’ म्हणून बंद केले जातात आणि ‘तू फार खुसपटे काढतेस’ असे ऐकावे लागते. मी कोणाच्या मतावर विश्वास ठेवू? की चूक माझ्यातच आहे?

— एक टेस्टर

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पत्रातले खरे दुखणे तिथे आहे असे मला वाटते. दोष शोधण्यासाठीच ज्या माणसाला पगार मिळतो, त्याला रोज ‘तू दोष फार काढतेस’ असे ऐकवले गेले, तर त्याला स्वतःबद्दल शंका येऊ लागणे स्वाभाविक आहे. पण तुम्ही लिहिले आहे त्यावरून तुमच्या कामात खोट असल्याचे मला कुठेही दिसत नाही. तुमच्या कंपनीत नकोशी बातमी कशी घेतली जाते, एवढे मात्र स्वच्छ दिसते. कर्मचारी आपल्या कंपनीबद्दल काय म्हणतात हे वाचताना नेमके हेच शोधायचे असते, आणि ते कसे शोधायचे हे तुम्हाला बहुतेकांपेक्षा चांगले ठाऊक आहे.

‘अ‍ॅप चालत नाही’ एवढ्याच शब्दांत कोणी बग नोंदवला तर तुम्ही काय करता? तो परत पाठवता आणि विचारता, की कोणत्या आवृत्तीत, काय केल्यावर, काय होणे अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय झाले. कंपनीबद्दलच्या मतांनाही हीच चाळणी लावा. ‘मॅनेजमेंट भिकार’ हे मत राग म्हणून खरे असेल, पण त्यातून तुम्हाला करण्यासारखे काही हाती लागत नाही. ‘शिकायला भरपूर मिळते’ हेही तितकेच पोकळ आहे, कारण लिहिणारा पहिल्या वर्षात आहे की दहाव्या, हे त्यात नाही. कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलाला कोणत्याही बऱ्या कंपनीत पहिली दोन वर्षे भरपूर शिकायला मिळते. याउलट ‘रिलीजच्या आधीचे दोन आठवडे घर विसरायचे’ या वाक्यात वेळ आहे, कारण आहे, पुन्हा पुन्हा घडणारा प्रसंग आहे. हे मत आणखी दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत, वेगळ्या शब्दांत लिहिलेले सापडले, तर तो दोष तुम्ही पुन्हा घडवून पाहिला असे समजा. विशेषणे सोडून द्यावीत, मतांसोबत दिलेल्या ताऱ्यांची (गुणांची) सरासरी तर पाहूच नये, आणि ज्यात काहीतरी घडले आहे अशी वाक्ये तेवढी एका कागदावर उतरवून काढावीत. ८० मतांतून अशी पंधरा-वीस निघाली तरी खूप झाली.

मते लिहिणारे कोण असतात, याचाही थोडा विचार करा. २,००० माणसांच्या कंपनीत ८० मते म्हणजे फार तर शंभरात चार माणसे बोलली, आणि त्यांतली काही तर कंपनी सोडून गेलेली. ज्याचे दिवस बरे-वाईट मिळून ठीक चालले आहेत असा माणूस सहसा लिहायला बसत नाही. लिहितो तो नुकताच दुखावलेला किंवा नुकताच आनंदलेला. एकाच आठवड्यात आठ-दहा गोड मते आलेली दिसली, तर ती वरून कोणीतरी सांगितल्यामुळे आलेली असण्याची शक्यता धरावी. एकाच आठवड्यात आठ-दहा कडवट मते आली असतील, तर त्या सुमारास अप्रेझल (कामाचे वार्षिक मूल्यमापन) झाले असेल किंवा माणसे काढली गेली असतील. म्हणून मतांपेक्षा त्यांच्या तारखा कधी कधी जास्त बोलतात. शिवाय एवढ्या मोठ्या कंपनीत दोन टीम एकमेकींना वर्षानुवर्षे भेटतही नाहीत. एकीचा क्लायंट रात्री नऊला मीटिंग लावतो, दुसरीचा कधीच लावत नाही. एकीचा कोड नवा असतो, दुसरीच्या कोडला हात लावायला जुनेजाणतेही घाबरतात. दोन्हीकडची माणसे एकाच कंपनीबद्दल लिहितात आणि दोघेही खरे बोलत असतात. तुम्हाला जी मते परस्परविरोधी वाटली, त्यांतली बरीचशी अशीच वेगवेगळ्या टीममधून आलेली असणार.

आता तुमच्या सध्याच्या कंपनीकडे येते. तिथे सगळे छान लिहिलेले आहे आणि तुम्ही मात्र गुदमरता, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. एमी एडमंडसन या संशोधक विद्यार्थिदशेत असताना रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास करत होत्या. ज्या विभागात परिचारिकांचे आपसांत चांगले जमते आणि प्रमुखाशी मोकळे संबंध आहेत, तिथे चुका कमी होत असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे आले ते उलटे : चांगल्या विभागांत नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्यांनी आणखी खोलात जाऊन पाहिले तेव्हा उलगडा होऊ लागला, की चांगल्या विभागांत माणसे चुका लपवत नव्हती, आणि जिथे प्रमुखाचा धाक होता तिथे चुका नोंदवहीपर्यंत पोहोचतच नव्हत्या. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९९९ मध्ये, टीममध्ये शंका, चूक किंवा विरोधी मत बोलून दाखवले तर आपले नुकसान होणार नाही या भरवशावर त्यांनी मानसिक सुरक्षितता या नावाने लिहिले. नंतर गूगलने आपल्याच १८० टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या टीमना इतरांपासून वेगळे करणाऱ्या गोष्टींत हीच गोष्ट सर्वांत वर आली. टीममध्ये कोण कोण हुशार माणसे आहेत यापेक्षा ती माणसे एकमेकांशी कशी वागतात हे महत्त्वाचे ठरले.

तुमच्या भाषेत सांगायचे तर, एखाद्या मोठ्या सॉफ्टवेअरची बगची यादी कोरी दिसली, तर ते निर्दोष आहे असा निष्कर्ष तुम्ही काढणार नाही. कोणी तपासलेलेच नाही असे म्हणाल. कंपनीबद्दलच्या तक्रारींचेही असेच आहे.

हे मी स्वतः अनुभवले आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी ज्या कंपनीत होते, तिथे दर आठवड्याला प्रत्येक प्रकल्पाच्या स्थितीचा तक्ता निघे : हिरवा, पिवळा किंवा लाल. आमच्या प्रकल्पाचा रकाना सात महिने हिरवा होता. क्लायंटच्या जुन्या सिस्टिमशी जोडणारा भाग चालत नाही हे टीममधल्या प्रत्येकाला ठाऊक होते, पण पिवळा रंग दाखवणाऱ्या मॅनेजरची त्या बैठकीत सर्वांसमोर तासभर उलटतपासणी होत असे, म्हणून कोणी रंग बदलत नव्हते. ठरलेल्या तारखेच्या तीन आठवडे आधी तो रकाना एकदम लाल झाला आणि पुढचे चार महिने आम्ही शनिवार-रविवार पाहिले नाहीत. त्याच वर्षी कंपनीने कर्मचाऱ्यांच्या समाधानाची पाहणी केली होती. फॉर्म निनावी आहे असे सांगितले होते, पण त्यात विभाग, हुद्दा आणि रुजू झाल्याचे वर्ष विचारले होते, आणि आमच्या विभागात त्या हुद्द्यावर त्या वर्षी रुजू झालेली मी एकटीच होते. मी सगळीकडे चांगले गुण दिले. माझ्या शेजारच्याने तेच केले. आमच्या विभागाचा निकाल उत्तम आला, आणि त्या निकालावर विश्वास ठेवून कोणीतरी तिथे नोकरी धरली असेल, ही गोष्ट मला आजही टोचते.

तेव्हा तक्रारी किती आहेत हे मोजण्यात वेळ घालवू नका. तक्रार केल्यावर तिचे पुढे काय झाले, हे ज्या मतांत लिहिलेले आहे ती शोधा. ‘ऑन-कॉलची (रात्री-अपरात्री बोलावले तर हजर राहण्याची) पाळी दर आठवड्याला येत होती, आम्ही बोललो, दोन माणसे वाढवली, आता महिन्यातून एकदा येते’ असे कोणी लिहिले असेल, तर वरवर तक्रार दिसणारे ते मत कंपनीच्या बाजूने दिलेली सर्वांत भक्कम साक्ष आहे. ‘तीन वर्षे हेच सांगतोय’ हे मत त्याच्या अगदी उलट आहे. बग उघडा असणे वाईट नाही, हे तुम्ही जाणताच. तो कोणाच्या नावावर आहे, किती दिवस पडून आहे आणि न सोडवता बंद का केला गेला, यावरून तुम्ही टीमची पारख करता. इथेही तीच पारख लावा.

कामाच्या तासांबद्दल तुम्ही वाचलेल्या मताने तुम्हाला धास्ती वाटली आहे आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी जास्त असल्याचे आढळले. म्हणून ‘आमच्या क्षेत्रात हे चालायचेच’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नका. मात्र रात्री जागवणाऱ्या दोन कंपन्यांतही फरक असतो. कामाच्या ताणाचे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले एक निरीक्षण मला सॉफ्टवेअरच्या कामाला फार लागू पडते असे वाटते : माणूस सर्वाधिक पिचतो तो नुसत्या जास्त कामाने पिचत नाही, तर काम जास्त आणि ते कसे करायचे हे ठरवण्याचा अधिकार कमी, या जोडीने पिचतो. तारीख टीमला विचारून ठरली असेल, रिलीज पुढे ढकलण्याचा शब्द टीमला टाकता येत असेल आणि तरीही शेवटी दोन आठवडे धावपळ झाली, तर माणसे थकतात पण सावरतात. तारीख विक्री विभागाने परस्पर कबूल केली आणि ती टीमला नंतर कळली, तर तीच धावपळ माणसाला आतून पोखरते, आणि पुढच्या रिलीजला ती पुन्हा होणार हे सर्वांना आधीच ठाऊक असते.

उशीर झाल्यावर कंपनी काय करते, हेही मतांतून शोधण्यासारखे आहे. ‘शेवटच्या महिन्यात दहा नवी माणसे आणून बसवली’ असे वाचलेत तर जपून. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले होते, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली की तो आणखी लांबतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या १० असतात तर दहा माणसांत त्या ४५ होतात. ज्या कंपनीला हे आजही उमगलेले नाही, तिथे ‘मनुष्यबळ भरपूर आहे’ ही स्तुती तुमच्या उपयोगाची नाही.

पगाराबद्दल फार लिहीत नाही. तो जास्त आहे आणि तो तुम्हाला हवा आहे, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. फक्त एवढे पाहा, की पगारावरच्या तक्रारी आकड्याबद्दल आहेत की तो ठरवण्याच्या पद्धतीबद्दल. आपल्याला काय निकष लावले हे कळत नसेल, तर चांगली वाढ मिळालेली माणसेही नाराज राहतात, आणि ती नाराजी दरवर्षी अप्रेझलच्या महिन्यात पुन्हा उगवते.

मते वाचून होतील तेवढी झाली. आता माणसांशी बोला. दहा दिवस त्यासाठी पुरेसे आहेत. तुम्हाला ज्या टीममध्ये घेणार आहेत तिचे नाव विचारून घ्या आणि त्या टीममधल्या एका टेस्टरशी अर्धा तास बोलायचे आहे असे एचआरला सरळ सांगा. ही मागणी अवाजवी नाही; टाळाटाळ झाली तर तीही माहितीच समजा. शक्य झाल्यास गेल्या वर्षभरात ती टीम सोडून गेलेल्या एखाद्या व्यक्तीशी ओळखीतून संपर्क साधा, आणि ‘कंपनी कशी आहे’ असे मुळीच विचारू नका, कारण त्याचे उत्तर ‘ठीक आहे’ असेच येते. विचारा, की मागच्या वेळी प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, काहीतरी मोडले तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पहिला प्रश्न कोणता विचारला गेला. तो प्रश्न ‘कोणी केले?’ असा होता की ‘हे आपल्या तपासणीतून कसे सुटले?’ असा होता, एवढ्यावरून तुम्हाला ती टीम बरीचशी कळेल. विचारा, की टेस्टरने रिलीज थांबवण्याची अशी शेवटची वेळ कोणती आणि त्या टेस्टरचे पुढे काय झाले. त्या कंपनीत बग कोण बंद करतो, काढणारा की दुरुस्त करणारा, हेही विचारा. तुमच्या सध्याच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल लिहिणारे प्रोग्रामर जोएल स्पोल्स्की यांनी २००० साली सॉफ्टवेअर टीमची पारख करण्यासाठी हो किंवा नाही अशी उत्तरे देता येतील असे १२ प्रश्न सुचवले होते. बगची नोंद ठेवली जाते का, नवा कोड लिहिण्याआधी जुने बग दुरुस्त केले जातात का, वेळापत्रक ताजे असते का, काम करायला शांतता असते का, टीममध्ये वेगळे टेस्टर आहेत का, हे त्यांतले काही. बाराच्या बारा ‘हो’ आले तर उत्तम, अकरा आले तर चालेल, दहा किंवा कमी आले तर प्रकरण गंभीर, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांतले काही प्रश्न आता जुने झाले आहेत, कारण त्या गोष्टी बहुतेक ठिकाणी रुळल्या आहेत, पण जुने बग आधी दुरुस्त करण्याचा प्रश्न आजही अनेक ठिकाणी अडतो. इंटरव्ह्यू घेणाऱ्या मॅनेजरला तो विचारा आणि उत्तर देताना त्यांनी खरा प्रसंग सांगितला की धोरण सांगितले, याकडे लक्ष द्या. प्रसंग सांगताना एखादी चूक कबूल करणारा मॅनेजर मिळाला, तर मी त्याच्या हाताखाली थोडे जास्त तास काम करायलाही तयार होईन. ‘आमच्याकडे असे होतच नाही’ म्हणणाऱ्याच्या हाताखाली दुप्पट पगारावरही जाणार नाही. हे माझे मत आहे, आणि ते वर सांगितलेल्या हिरव्या रकान्यामुळे बनलेले आहे.

बोलणी झाल्यावरही उत्तरे धूसर राहिली, तर नकार द्यायला कचरू नका. पण तेवढ्यावरून सध्याच्या ठिकाणी कायमचे राहायचे असेही ठरवू नका. पाच वर्षे ‘नंतर बघू’ ऐकलेल्या टेस्टरला हळूहळू बग न काढण्याची सवय लागते, आणि ही सवय मोडायला नव्या कंपनीत बराच काळ जाऊ शकतो. तुमची अजून ती स्थिती झालेली नाही, हे तुमच्या पत्रावरून दिसते. म्हणून ही नाही तर दुसरी, पण जागा शोधत राहा.

उत्तरे समाधानकारक आली आणि तुम्ही होकार द्यायचे ठरवले, तर राजीनामा देण्याआधी एक काम करा. टीमचे नाव, तुमचा हुद्दा आणि ऑन-कॉलची अट, या तीन गोष्टी नियुक्तिपत्रात किंवा निदान ईमेलवर लेखी घ्या. तोंडी सांगितलेली टीम रुजू होण्याच्या दिवशी बदललेली मी पुष्कळ वेळा पाहिली आहे, आणि तसे झाले तर ज्या माणसांशी तुम्ही बोललात ती तुमची सहकारी नसतील आणि केलेली सगळी चौकशी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल.